इझाबेला पिवळी पडतेय

६ एप्रिल, शनिवार

जुन्या गाड्यांच्या मंडळानं उन्हाळी अंकासाठी माझ्याकडे एक पान मागितलंय : लाडकी गाडी किती दिवसांनी धुवावी, म्हणजे रंगाला इजा होणार नाही. मंडळात एकशे चाळीस माणसं आहेत आणि हे विचारावं असा माणूस एकच, हे सगळ्यांना ठाऊक आहे. एक्केचाळीस वर्षं मी गाड्या रंगवल्या, त्यातली एकोणीस वर्षं रंगशाळेचा उस्ताद म्हणून. तेव्हा ही वही. जे करीन ते त्याच दिवशी लिहायचं आणि शेवटी त्यातून पान काढायचं.

नियम साधा आहे. एप्रिल ते ऑक्टोबर, चौदा दिवसांतून एकदा. त्याहून जास्त मुळीच नको. गाडी पाण्यानं खराब होत नाही, हातानं होते. दर पुसण्यात धुळीचा एखादा कण रंगावर रेघ ओढतोच. म्हणून आधी नुसतं पाणी, भरपूर. मग दोन बादल्या, एकीत शाम्पू, दुसरीत लोकरीचा हातमोजा खळबळायला. वरून खाली, सरळ हात, गोल गोल कधीच नाही. उन्हात नाही. पक्ष्याची घाण दिसली तर मात्र थांबायचं नाही, तिथल्या तिथे ओल्या फडक्यानं.

आज इझाबेलाची वर्षातली पहिली धुलाई. साठ सालची दोन दारांची कूपे, इथं ब्रेमनमध्येच बनलेली, वडिलांची. रंग मात्र माझा. एक्क्याण्णव साली स्वतः मिसळला. पांढऱ्यात निळ्याचा इतकाच अंश, की बघणाऱ्याला निळा दिसत नाही, फक्त पांढरा जास्त पांढरा वाटतो. आठ दिवस मिसळत होतो. गेशे अजून म्हणते, "आपल्या लग्नातल्या माझ्या झग्याकडे तू इतकं बघितलं नव्हतंस."

२० एप्रिल, शनिवार

बरोबर चौदा दिवस. घरासमोर साबणानं धुवायला मनाई आहे, म्हणून नेहमीप्रमाणे कालव्यापलीकडच्या धुलाईच्या गाळ्यावर. घरी आणून अंगणात कोरडी केली. बॉनेटवर किंचित पिवळट झाक दिसली. हिवाळ्यात गॅरेजमध्ये ओल असते, तिचा परिणाम. पुढच्या धुलाईत जाईल.

४ मे, शनिवार

गेली नाही. उलट टपावरही आहे. धुरकट, चहाच्या डागासारखी. गेशेला बोलावून दाखवली.

"मला तर पांढरीच दिसते," ती म्हणाली.

"तुला दिसणार नाही. त्याला सवयीचे डोळे लागतात."

"असेल." आणि ती केकसाठी रुबार्बचे देठ सोलायला आत गेली.

गॅरेजमधला नवा दिवाही बदलायला हवा. त्याच्याभोवती वलय दिसतं. हल्ली दिवेसुद्धा धड बनवत नाहीत.

११ मे, शनिवार

सात दिवसांनीच धुतली. नियमाला अपवाद असतात, आणि अपवाद कधी करायचा हे कळतं त्यालाच उस्ताद म्हणतात. धुऊन झाल्यावर हातानं हलकं पॉलिश. तासभर बरी वाटली, मग पुन्हा तीच झाक.

१६ मे, गुरुवार

धुतली. पॉलिश.

१९ मे, रविवार

रविवारी धुलाई बंद, म्हणून नुसतं पॉलिश. गेशे माझी फडकी धुते. तिनं टब माझ्यासमोर आणून ठेवला.

"हार्म, हे पाणी बघ. दुधासारखं झालंय. निळसर दूध."

"मळ आहे."

"मळ पांढरा असतो?"

"शहरातला असतो," मी म्हणालो. रंगाबद्दल तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. मी तिला कधी केक किती वेळ भाजायचा ते सांगतो का?

२८ मे, मंगळवार

सकाळी सातलाच गाळ्यावर गेलो, तेव्हा गर्दी नसते. गेशे सोबत होती, तिला परतीच्या वाटेत बाजारात सोडायचं होतं. परत येताना पुलाच्या वळणावर ऊन समोरून आलं आणि एक सायकलवाला अचानक उगवला. गेशे किंचाळली म्हणून ब्रेक दाबला. चाक आणि त्याचा पाय यांत हातभर अंतर राहिलं असेल. त्या माणसानं बॉनेटवर थाप मारली आणि नको ते बोलला. अंगठीचा ओरखडा पडला नाही हे नशीब. हल्ली सायकलवाले कुठूनही येतात.

बाजार राहिला; गेशेनं घरी येऊन रिकामी पिशवी खुंटीला लावली. मग म्हणाली, "यापुढे मी ट्रामनं जात जाईन. मला ट्राम आवडते."

एवढ्या वर्षांत मला हे माहीत नव्हतं.

३ जून, सोमवार

कारण सापडलं! इतके दिवस डोक्यात कसं आलं नाही? शेजारच्या फ्राउ वीटिंग यांचं लिंडनचं झाड. त्याची एक जाड फांदी कुंपणावरून माझ्या अंगणात आली आहे, आणि मी गाडी कोरडी करतो, पॉलिश करतो, ते नेमकं तिच्याखाली. या दिवसांत पानांवर मावा, म्हणजे बारीक कीड, पडतो आणि खाली मधासारखा चिकट चीक गळतो. चीक म्हणजे पिवळेपणा. सरळ हिशोब आहे.

कुंपणाशी जाऊन बोललो. फ्राउ वीटिंग ब्याऐंशीच्या आहेत, एकट्याच राहतात. झाडाखाली त्यांचा बाक आहे, दुपारची कॉफी त्या तिथंच घेतात.

"फ्राउ वीटिंग, तुमचं झाड माझ्या गाडीवर गळतंय."

"झाड पन्नास वर्षं आहे तिथंच आहे, हेर ओल्टमान्स. गाडी तुमची हलते. दुसरीकडे हलवा."

"अंगण एवढंच आहे."

"मग गाडी लहान घ्यायची."

मी शांतपणे समजावून सांगितलं, की माव्याचा चीक रंगात मुरतो आणि मुरला की निघत नाही. एक्केचाळीस वर्षांच्या अनुभवावरून सांगतोय, असंही म्हणालो. त्या डोळे बारीक करून माझ्याकडे बघत राहिल्या. मी कुठं उभा आहे ते शोधत असल्यासारख्या.

"तुमची खात्री आहे?" त्यांनी विचारलं.

"माझे डोळे आहेत, फ्राउ वीटिंग."

१४ जून, शुक्रवार

फांदी तोडली. त्यांनीच माणूस बोलावला. बाई अडून बसतील असं वाटलं होतं, पण नीट पटवून दिलं की लोक ऐकतात. फांदी बरीच मोठी निघाली, खाली पडली तेव्हा खिडकीच्या काचा थरथरल्या. फुलावर आलेली होती. मधमाश्या दुपारपर्यंत जमिनीवरच्या फुलांवर घोंघावत होत्या.

गेशे स्वयंपाकघरातून बघत होती. "खूश?" तिनं विचारलं.

"खुशीचा प्रश्न नाही, रंगाचा आहे."

मंडळाला पान पाठवून दिलं. चांगलं उतरलंय. चौदा दिवसांतून एकदा, मुळीच जास्त नाही.

१७ जून, सोमवार

धुतली. उरलेला चीक काढायला जरा जाड, खरखरीत पॉलिश वापरलं.

१९ जून, बुधवार

धुतली. पॉलिश. फ्राउ वीटिंग बाकावर पावसाळी छत्री उघडून बसल्या होत्या, ऊन होतं तरी. म्हातारपणी माणसं विचित्र होतात. मी हात केला, त्यांनी केला नाही.

२७ जून, गुरुवार

पिवळेपणा तसाच. एकदा मुरलेला चीक असा सहजासहजी जात नाही, हे मी त्यांना सांगितलंच होतं. आता एक दिवसाआड पॉलिश. खांदे दुखतात, पण हार मानण्यातला मी नाही.

१३ जुलै, शनिवार

डाव्या मडगार्डच्या कडेवर गंज! बोटभर लांब, लालसर. पत्रा आतून गेला असणार. लगेच घासून साफ केला आणि रंग मिसळायला बसलो. एक्क्याण्णवचं सूत्र तोंडपाठ आहे, पण सूत्र कसलं बघायचं, डोळा बघायचा. दुपारी चारपर्यंत जुळवत होतो. लावला, वाळला, आणि कुठं जुना रंग संपतो नि कुठं नवा सुरू होतो ते मलासुद्धा सांगता येत नाही. अडुसष्टाव्या वर्षी! गेशेला बोलावलं.

तिनं जवळून बघितलं, चार पावलं मागे जाऊन बघितलं. मग म्हणाली, "हे मुद्दाम असं केलंयस का?"

"कसं?"

ती जवळ आली. माझ्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली, आणि मग आत जाऊन कुणाला तरी फोन करत होती.

२० जुलै, शनिवार

हे सगळं नीट लिहायचं ठरवलंय, कारण ही वही खरी ठेवायची असं पहिल्या दिवशी ठरलं होतं.

दुपारी आंके आली. आंके माझ्या हाताखाली शिकली, आता रंगशाळा तीच चालवते, पंचेचाळीस वर्षांची बाई, आवाज ट्रकसारखा. सहज आले म्हणाली, पण बगलेत लाकडी पेटी होती आणि खिशात रंगाची जाडी मोजायचं यंत्र. गेशेनं बटरकेक कापला आणि आमच्याजवळ बसली नाही, म्हणजे तिला सगळं माहीत होतं.

आंकेनं यंत्र टपावर टेकवलं, बॉनेटवर, दारावर. मग मडगार्डवर.

"उस्ताद, एक्क्याण्णव साली किती होती जाडी?"

"एकशे चाळीस मायक्रॉन. मीच मोजली होती."

"बॉनेटवर पंचावन्न उरलीय. ह्या कडेला फक्त तुमचा परवाचा हात, जुना रंग काहीच नाही. तो गंज नव्हता. ते तुमचं रंगाखालचं लाल अस्तर होतं. तुम्ही घासत घासत अस्तरापर्यंत पोचलात."

"पिवळेपणा काढायचा होता."

"कुठला पिवळेपणा?"

मी बोटानं दाखवला. बॉनेटभर आहे, आंधळ्यालाही दिसेल, असंही म्हणालो. ती हसली नाही. तिनं पेटी उघडली. आत सात पट्ट्या होत्या. मी ओळखल्या. अठ्ठ्याण्णव साली मीच रंगवल्या होत्या, शिकाऊंच्या परीक्षेसाठी : एका टोकाला निळसर पांढरा, दुसऱ्या टोकाला मलईसारखा, मधे पाच पायऱ्या. ओळीनं लावायच्या. आंके त्या परीक्षेत तीनदा नापास झाली होती आणि तिन्ही वेळा मी तिला सगळ्यांसमोर म्हणालो होतो, की डोळे घरी विसरलीस का.

"लावा," ती म्हणाली.

मी लावल्या. मिनिटभरात. मग तिनं एक एक करून उलटवल्या. मागे आकडे आहेत. तीन, एक, दोन, पाच, चार, सात, सहा.

मी म्हणालो, उजेड बरोबर नाही. आम्ही पेटी घेऊन अंगणात गेलो. तिथं दोन, तीन, एक, आणि पुढचंही तसंच.

आंकेचा आवाज इतका खाली आलेला मी कधी ऐकला नव्हता. "माझ्या बापाचंही असंच झालं होतं, उस्ताद. मोतीबिंदू. त्याला वाटायचं आई पडदे धुतच नाही. मडगार्डवर तुम्ही जो रंग लावलाय ना, तो मलईचा आहे. रस्त्याच्या पलीकडून दिसतो."

ती गेल्यावर गेशे येऊन बसली.

"तू का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"तीनदा सांगितलं. वहीत लिहितोस ना? वाच."

वाचलं. तिनं खरंच सांगितलंय. दिव्याचं वलय आहे. टब आहे. आणि अठ्ठावीस मे आहे. 'सायकलवाला अचानक उगवला' असं मी लिहिलंय. कुणी अचानक उगवत नाही. तो माणूस पुलावरून सरळ येत होता, दिवसाउजेडी, आणि मला दिसला नव्हता. त्याच्या घरी त्या दिवशी कोण वाट बघत असेल ते मी लिहिलेलं नाही. अंगठीच्या ओरखड्याचं लिहिलंय.

किल्ली गेशेला दिली. तिनं एप्रनच्या खिशात टाकली आणि काही म्हणाली नाही. त्याबद्दल मी तिचा ऋणी आहे.

२४ जुलै, बुधवार

डोळ्यांच्या डॉक्टरबाईंनी दोन्ही डोळे बघितले. "गाडी चालवता?" त्यांनी विचारलं. "चार दिवसांपूर्वीपर्यंत," मी म्हणालो. पुढच्या महिन्यात उजवा, नंतर डावा. भीती वाटते का असं विचारलं. मला भीती वाटत नाही. रंगाचं काम कसं करायचं ते मला कळतं आणि डोळ्यांचं त्यांना कळतं, चांगल्या कारागिराला मधे मधे बोलू नये.

१४ ऑगस्ट, बुधवार

काल उजवा डोळा झाला. वीस मिनिटं. आज पट्टी निघाली.

मी घरी आलो आणि तडक गॅरेजमध्ये गेलो. डावा डोळा झाकला. मग उजवा झाकला. मग पुन्हा डावा. एका डोळ्यात गाडी जुन्या वर्तमानपत्रासारखी, दुसऱ्या डोळ्यात मी एक्क्याण्णव साली मिसळला होता तो रंग. तो निळा अंश! तो तिथंच होता, एक दिवसही कुठे गेला नव्हता. आणि मडगार्डवर माझ्या हातचा मलईचा फराटा, आणि बॉनेटच्या दोन्ही कडांना अस्तर डोकावतंय, आणि टपावर गोल गोल रेघांचं जाळं. गोल गोल! कधी सुरू केलं मी ते? सरळ हात, असं मी एकशे चाळीस लोकांना लिहून दिलंय.

तिथंच उपड्या बादलीवर बसलो. गेशे आली, तिला वाटलं मी रडतोय. थोडासा रडतही होतो, पण मुख्य म्हणजे बघत होतो.

१५ ऑगस्ट, गुरुवार

अंक यंदा उशिरा छापायला जातोय, पान बदलायचं का असं मंडळातून विचारलं. मी म्हणालो, एक अक्षर बदलू नका. नियम बरोबरच आहे, लिहिणाराच पाळत नव्हता. फक्त शेवटी एक वाक्य घाला : गाडी धुवायच्या आधी वर्षातून एकदा स्वतःचे डोळे तपासून घ्या. ते हसले. मी हसलो नाही.

१७ ऑगस्ट, शनिवार

आज मी खिडकीतून लिंडनकडे बघितलं. तुटलेल्या जागी ताटाएवढा पांढरा घाव आहे, आणि त्याच्या बरोबर खाली बाक, आणि बाकाशेजारी काठीला बांधलेली काळी छत्री. दोन महिने त्या बाईंनी सावलीसाठी छत्री धरलीय आणि मी लिहिलं, म्हातारपणी माणसं विचित्र होतात.

कुंपणाशी नाही, समोरच्या दारातून गेलो. बेल वाजवली.

"फ्राउ वीटिंग, तुमच्या झाडातून काही गळत नव्हतं. म्हणजे गळत असेल, पण पिवळेपणा त्याचा नव्हता. मला मोतीबिंदू होता. फांदी मी विनाकारण तोडायला लावली."

त्या दारात तशाच उभ्या राहिल्या. "मग आता काय, परत चिकटवणार?"

"नाही. ते जमणार नाही."

"त्या दिवशी तुम्ही म्हणालात, माझे डोळे आहेत. मी विचार केला, यांचे आहेत, माझे नाहीत, तर यांचं ऐकावं."

त्यांनी मला आत घेतलं, कॉफी ओतली, ती अर्धी बशीत सांडली आणि त्यांच्या ते लक्षात आलं नाही. मग एकदम, दुसरीकडे बघत, म्हणाल्या, "दुखतं का हो?"

"काय?"

"ते डोळ्याचं. माझ्याकडे डॉक्टरांची चिठ्ठी आहे. अडीच वर्षं झाली. मेजाच्या खणात आहे."

मी त्यांना सगळं सांगितलं. थेंब, दिवा, वीस मिनिटं, पट्टी. दुखत नाही, थंड वाटतं. दोनदा सांगायला लावलं. रंगाबद्दल बोलतानाही एवढं लक्ष देऊन माझं कोणी कधी ऐकलं नव्हतं.

"सोबत कोण येणार?" त्या म्हणाल्या. "मुलगी नॉर्वेत."

"मी येईन."

"तुम्ही? गाडी चालवत?"

"दुसरा डोळा झाला आणि डॉक्टरांनी हो म्हटलं, तर. नाहीतर ट्राम. गेशेला ट्राम आवडते."

पहिल्यांदा हसल्या.

१० सप्टेंबर, मंगळवार

दुसराही डोळा झाला. आज डॉक्टरांनी गाडीला हो म्हटलं. गेशेनं एप्रनमधून किल्ली काढून टेबलावर ठेवली, आणि शेजारी येऊन बसली. पुलाच्या वळणावर मी मुद्दाम हळू घेतली. तिनं दाराची मूठ घट्ट धरली होती, ती पुलानंतर सोडली.

आंके म्हणते, हिवाळ्यात सगळी खरवडून नव्यानं रंगवू. रंग मी मिसळणार, हात तिचा. तोवर धुवायची नाही, फक्त पाणी मारायचं. रंग इतका पातळ झालाय, की फडकं लावणंही नको.

१९ सप्टेंबर, गुरुवार

फ्राउ वीटिंग यांचा उजवा डोळा झाला. सकाळी धो धो पाऊस. रस्त्याचं काम चालू होतं तिथून चिखल थेट दारांवर उडाला. त्या पुढच्या सीटवर पर्स पोटाशी धरून बसल्या होत्या. "तुमची गाडी घाण होतेय हो." मी म्हणालो, होऊ दे. आणि खरंच मला काही वाटलं नाही. बारा वाजता त्यांना बाहेर आणलं, तेव्हा त्या नर्सला सांगत होत्या, "अजिबात दुखत नाही, थंड वाटतं," जणू नर्सलाच करून घ्यायचं होतं.

२८ सप्टेंबर, शनिवार

सकाळी गेशेनं उठवलं. "ऊठ, फ्राउ वीटिंग अंगणात उभ्या राहून ओरडताहेत."

धावत गेलो. वाटलं काही झालं. त्या घरासमोर उभ्या होत्या आणि स्वतःच्या खिडक्यांकडे हात करत होत्या.

"एवढी घाण! दोन वर्षं मी ह्या खिडक्यांआड बसून लोकांना कॉफी पाजतेय, आणि एकानं, एकानंही सांगू नये? तुमच्या बायकोनंसुद्धा?"

गेशे मागून म्हणाली, "मी ह्यांना तीनदा सांगून बघितलं होतं. त्यानंतर कुणाला काही सांगायचा उत्साह राहिला नाही."

मी दोन बादल्या आणल्या आणि शिडी लावली. आधी नुसतं पाणी, मग शाम्पू, वरून खाली, सरळ हात. सात खिडक्या. त्या खाली बाकावर उन्हात बसून देखरेख करत होत्या. इतकं बारीक बघणारं माणूस माझ्या रंगशाळेत एकही नव्हतं. शेवटच्या काचेशी पोचलो तेव्हा माझे खांदे भरून आले होते.

"डावीकडे वरती," त्या म्हणाल्या. "डाग राहिलाय."

"दिसतोय मला, फ्राउ वीटिंग."

"हो का?" त्या म्हणाल्या. "मलाही."